फिलिपची माणसे : मॅसिडोनियाचा उदय, दिग्विजय आणि त्यानंतर

माळरान :

इ. स. पू. ३२४ मध्ये टायग्रिस नदीकाठच्या ओपिस येथे अलेक्झांडरने आपल्या वयस्क आणि जायबंदी मॅसिडोनियन सैनिकांना सेवामुक्त करून घरी पाठवण्याचे जाहीर केले, तेव्हा छावणीत आनंदाऐवजी संताप उसळला. ज्यांच्या जिवावर राज्य मिळवले त्यांना काढून टाकून त्यांच्या जागी इराणी तरुण भरले जात आहेत, असे त्या माणसांना वाटले. अलेक्झांडरने पुढे असलेल्या तेरा जणांना पकडून मृत्युदंडासाठी पाठवले आणि मग तो बोलायला उभा राहिला. अ‍ॅरियनने हे भाषण दिले आहे. प्राचीन इतिहासकार भाषणे स्वतः रचत असत, त्यामुळे त्यातला शब्दन्‌शब्द खरा मानता येत नाही, पण त्याची सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. अलेक्झांडर स्वतःच्या विजयांपासून सुरुवात करत नाही, तो वडिलांपासून करतो. फिलिपने तुम्हाला हाती घेतले तेव्हा तुम्ही कातडी पांघरून डोंगरांत मूठभर मेंढ्या चारत होता आणि त्याही शेजाऱ्यांपासून राखताना तुमच्या नाकी नऊ येत होते. त्याने तुम्हाला कातड्याऐवजी अंगरखे दिले, डोंगरांवरून सपाटीवर आणले आणि शहरांत राहायला शिकवले, असा त्याचा आशय आहे.

हा धागा काढण्याचे कारण हेच. अलेक्झांडरवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, फिलिपच्या वाट्याला मात्र बहुधा एखादा परिच्छेद येतो, आणि ज्या माणसांनी हे सगळे प्रत्यक्ष केले त्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. फिलिप गादीवर आला इ. स. पू. ३५९ मध्ये, आणि ओपिसचा प्रसंग ३२४ चा. एवढ्या ३५ वर्षांत, म्हणजे एका माणसाच्या उमेदीच्या काळात, हे कसे घडले?

ग्रीसच्या उत्तरेकडचा फिलिपपूर्वीचा मॅसिडोनिया म्हणजे दोन प्रदेशांचे सैल गाठोडे होते. हॅलियाकमॉन आणि अ‍ॅक्सिअस या नद्यांच्या खोऱ्यांत सुपीक सपाटी होती आणि तिथे राजाचा अंमल चालत असे; पश्चिमेला लिन्केस्टिस, ओरेस्टिस, एलिमिया हे डोंगरी मुलूख होते आणि तिथले सरदार स्वतःला राजेच समजत. जहाजबांधणीला लागणारे लाकूड आणि डांबर मुबलक होते, अथेन्सला त्यांची गरज होती, आणि म्हणूनच अथेन्सला मॅसिडोनिया दुबळा राहिलेला हवा होता. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्किलेअस राजाने सरळ रस्ते आणि किल्ले बांधले. आधीच्या आठ राजांनी मिळून केले नाही इतके त्याने युद्धसज्जतेसाठी केले, असे थ्युसिडिडीज सांगतो. तो मारला गेला आणि पुन्हा वारसाहक्काची रक्तरंजित भांडणे सुरू झाली.

३५९ च्या सुमारास इलिरियन टोळ्यांचा वृद्ध राजा बार्डिलिस याच्याशी झालेल्या लढाईत फिलिपचा भाऊ पर्डिकस तिसरा मारला गेला आणि त्याच्याबरोबर चार हजारांहून अधिक सैनिक पडले. उत्तरेकडून पायोनियन लूटमार करत होते, गादीवर हक्क सांगणाऱ्या एकामागे थ्रेस आणि दुसऱ्यामागे अथेन्स उभे होते. फिलिपचे वय तेव्हा अवघे तेवीस-चोवीस होते. किशोरवयात त्याने सुमारे तीन वर्षे थीब्जमध्ये ओलीस म्हणून काढली होती. थीब्ज त्या काळी ग्रीसमधली सर्वांत प्रबळ लष्करी सत्ता होती आणि तिथल्या एपॅमिनॉन्डस या सेनापतीने स्पार्टाचा कणा मोडून फार वर्षे झाली नव्हती. मुलगा तिथे डोळे उघडे ठेवून राहिला असणार.

त्याने काही शत्रूंना पैसे दिले, काहींना शब्द दिले, आणि मिळालेल्या उसंतीत सैन्य उभे केले. या सैन्याचा मूळ विचार मला विलक्षण वाटतो. ग्रीक नगरराज्यांचा पायदळ सैनिक स्वखर्चाने ढाल, चिलखत आणि शिरस्त्राण घेऊ शकणारा खाऊनपिऊन सुखी नागरिक असे. फिलिपजवळ असा वर्गच नव्हता, त्याच्याजवळ मेंढपाळ आणि शेतकरी होते. त्याने त्यांच्या हाती सारिसा दिली. हा चिवट लाकडाचा, पंधरा ते अठरा फूट लांब भाला दोन्ही हातांनी धरावा लागे, म्हणून ढाल लहान आणि खांद्याला अडकवलेली असे. जड चिलखताची गरज कमी झाली, कारण शत्रू जवळ पोहोचण्याआधीच भाल्याचे टोक त्याच्यापर्यंत पोहोचे. गरिबाला परवडणारे शस्त्र हाती घेऊन गरीब माणूस रांगेत उभा राहिला, आणि त्या रांगेला 'पायदळ सोबती' हे मानाचे नाव मिळाले. 'सोबती' ही पदवी तोवर राजाबरोबर घोड्यावरून लढणाऱ्या सरदारांची होती.

पुढच्याच वर्षी, ३५८ मध्ये, फिलिपने दहा हजार पायदळ आणि ६०० घोडेस्वारांनिशी बार्डिलिसला गाठले. सुमारे सात हजार इलिरियन पडले. हा ६०० चा आकडा लक्षात ठेवावा. वीस वर्षांनी कायरोनियाच्या मैदानावर फिलिपजवळ ३०,००० पायदळ आणि २,००० घोडदळ होते. ३३४ मध्ये अलेक्झांडर आशियात उतरला तेव्हा १,८०० मॅसिडोनियन स्वार त्याच्याबरोबर होते आणि १,५०० मायदेशी, राज्याचा कारभार पाहणाऱ्या अँटिपेटरजवळ, राहिले होते. घोडदळ असे आपोआप वाढत नाही. त्यासाठी कुरणे लागतात, जिंकलेली जमीन सरदारांना वाटावी लागते आणि ती राखावी लागते.

जमीन आणि पैसा त्याने कसा मिळवला हे थोडक्यात सांगतो. ३५७ मध्ये स्ट्रायमन नदीवरचे अ‍ॅम्फिपोलिस घेतले, ३५६ मध्ये क्रेनिडीज घेऊन त्याला फिलिपी असे स्वतःचे नाव दिले, आणि पँगेऑन डोंगराच्या परिसरातल्या खाणींतून वर्षाला हजार टॅलेंटहून अधिक उत्पन्न काढले. एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. ३४८ मध्ये ऑलिन्थस जमीनदोस्त केले. डोंगरी सरदारांची मुले राजवाड्यात सेवक म्हणून ठेवली. ती तिथे शिकत आणि त्यांच्या वडिलांच्या निष्ठेची हमीही तिथेच राही. लग्नेही त्याने सात केली, आणि प्रत्येक लग्नामागे एक सीमा किंवा एक तह होता.

त्याचे पराभवही सांगितले पाहिजेत. ३५३ मध्ये थेसलीत फोसिसचा सेनापती ओनोमार्कस याने त्याला दोनदा हरवले. एडका मागे सरतो तो अधिक जोराने टक्कर देण्यासाठी, तसा मी मागे सरलो, असे त्याचे उद्गार सांगितले जातात. पुढच्या वर्षी तो परतला आणि क्रोकसच्या मैदानावर ओनोमार्कसचा अंत झाला. मेथोनीच्या वेढ्यात त्याचा एक डोळा गेला होता, पुढे गळपट्टीचे हाड मोडले, पायही अधू झाला. राज्यासाठी शरीराचा कोणताही अवयव नशिबाला देऊन टाकण्याची या माणसाची तयारी होती, अशी साक्ष त्याचा आयुष्यभराचा विरोधक, अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनीस देतो. शत्रूच्या तोंडून आलेली ही दाद मला कोणत्याही स्तुतिपाठापेक्षा मोठी वाटते.

३३८ मध्ये कायरोनिया येथे अथेन्स आणि थीब्ज यांचे एकत्रित सैन्य हरले, ३३७ मध्ये कॉरिंथ येथे ग्रीक राज्यांचा संघ बांधून त्याने इराणविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व घेतले, आणि ३३६ मध्ये मुलीच्या लग्नसमारंभात, एगे येथील नाट्यगृहात, त्याच्याच एका अंगरक्षकाने त्याला भोसकले. त्या वेळी मोहिमेची आघाडीची तुकडी आशियात पोहोचलेली होती. अलेक्झांडर वीस वर्षांचा होता.

इथे मी थांबतो. पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी.

घाटपायथा :

लेख मनापासून आवडला. मी पायदळात बरीच वर्षे नोकरी केली आहे, म्हणून शस्त्राच्या बरोबरीने पाठीवरच्या ओझ्याकडे लक्ष वेधतो. फिलिपने सैन्यातील गाड्यांवर बंदी घातली होती, घोडेस्वाराला एकच नोकर आणि पायदळातील दहा माणसांना मिळून एक नोकर एवढीच परवानगी दिली होती, आणि उन्हाळी मोहिमेवर निघताना तीस दिवसांचे पीठ सैनिकाच्या स्वतःच्या पाठीवर असे. पूर्ण शस्त्रांनिशी तीनशे स्टेडियाची, म्हणजे पन्नास किलोमीटरहून जास्त अंतराची चाल तो सरावासाठी करवून घेई. हे आकडे थोडे फुगवलेले असले तरी त्यांमागची दृष्टी खरी आहे. ज्या सैन्याच्या मागे बैलगाड्यांची रांग नसते ते सैन्य शत्रूच्या अंदाजाआधी पोहोचते.

डिमॉस्थेनीसची तक्रारही नेमकी हीच होती. पूर्वी ग्रीक लोक उन्हाळ्याचे चार-पाच महिने लढत आणि घरी परत जात, फिलिपला मात्र उन्हाळा आणि हिवाळा सारखाच. आपल्याकडे पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई, हे आपण जाणतो. समोरचा शत्रू असा हंगाम पाळतच नसेल तर काय होईल, याची कल्पना त्यावरून यावी.

एक शंका आहे. दोन्ही हात भाल्यात अडकलेला सैनिक बाजूने किंवा मागून आलेल्या माणसापुढे असहाय असतो. मग हे पायदळ जिंकत कसे होते?

माळरान :

घाटपायथा, तुमची शंका अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे. हे पायदळ एकट्याने जिंकत नसे. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसने नंतरच्या काळातील रचनेचे वर्णन केले आहे, त्यानुसार पहिल्या पाच रांगांचे भाले आघाडीच्या सैनिकाच्या पुढे निघालेले असत, त्यामुळे समोरून येणाऱ्या एका माणसासमोर भाल्यांची अनेक टोके येत. त्यातून आत शिरणे जवळजवळ अशक्य होते. मात्र सपाट जमीन हवी. ओढा, बांध, झाडी आली की रांग फुटते, हेही तोच सांगतो. म्हणून या रांगेचे काम शत्रूला जागच्या जागी धरून ठेवण्याचे होते. ऐरण आणि घण असे समजावे. ऐरण पायदळाची आणि घण घोडदळाचा. दोघांमधली फट सांभाळायला ढालाईत नावाचे निवडक, हलके आणि चपळ पायदळ असे. या ढालाइतांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

ग्रॅनिकसच्या लढाईपासून गॉगमेलाच्या लढाईपर्यंत हाच घण पडत राहिला. १ ऑक्टोबर ३३१ ला गॉगमेला येथे इराणचा सम्राट दरायस तिसरा याने मैदान मुद्दाम सपाट करून घेतले होते, त्याच्याजवळ संख्येने कितीतरी मोठे सैन्य आणि चाकांना पाती लावलेले रथ होते. अलेक्झांडर उजवीकडे तिरका सरकत गेला, त्याला रोखायला इराणी घोडदळ त्या बाजूला ओढले गेले, मधल्या रांगेत फट पडली आणि त्या फटीत तो स्वारांची पाचर घेऊन घुसला. त्याच वेळी डाव्या बाजूला पार्मेनियॉन जवळजवळ कोलमडला होता. पार्मेनियॉन हा फिलिपचा सेनापती. त्याची बाजू तुटली असती तर उजवीकडच्या पाचरीचे कौतुक करायला कोणी उरले नसते. दरायसच्या सैन्याने त्याला सोडून दिल्याची नोंद बॅबिलोनच्या ज्योतिष्यांनी मातीच्या पाटीवर त्या तिथीसह करून ठेवली आहे. विजेत्यांच्या गोतावळ्याबाहेरची ही साक्ष हाती असणे हे इतिहासाचे मोठे भाग्य आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. ओपिसच्या त्याच भाषणात अलेक्झांडर सांगतो की वडिलांकडून सोन्याचांदीचे काही पेले आणि खजिन्यात साठ टॅलेंटही नाहीत एवढी रोकड मिळाली, कर्ज मात्र ५०० टॅलेंटचे होते, आणि निघताना आणखी ८०० टॅलेंट कर्ज काढावे लागले. खाणींतून वर्षाला हजार टॅलेंट येत असताना ही अवस्था! याचा अर्थ मला असा दिसतो की फिलिपने उभे केलेले सैन्य मॅसिडोनियाच्या उत्पन्नावर पोसले जाऊ शकत नव्हते. ते उभे ठेवायचे तर पुढे जात राहणे भाग होते. सुसा येथे किमान ४०,००० टॅलेंट आणि पर्सेपोलिस येथे १,२०,००० टॅलेंट हाती लागले, तेव्हा प्रथमच हे गणित सुटले. आणि तेव्हा सैनिकांना वाटले की आता घरी जायचे.

सांजवात :

मी काही वर्षांपूर्वी उत्तर ग्रीसमध्ये गेले होते, म्हणून थोडेसे पाहिलेले लिहिते. ज्या एगे येथे फिलिपचा खून झाला ते आजचे व्हर्जिना. १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी तिथल्या मोठ्या मातीच्या टेकाडाखाली न लुटलेले राजथडगे शोधून काढले. संग्रहालय त्या टेकाडाच्या पोटातच आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आपण अंधारात उतरतो आणि समोर सोन्याची पेटी दिसते, तिच्या झाकणावर सोळा किरणांचा तारा. आत जळालेली हाडे जांभळ्या वस्त्रात गुंडाळून ठेवलेली होती. ती फिलिपची की त्याचा दुसरा मुलगा आऱ्हिडेअस याची, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. तिथे पायांवर बांधायची चिलखताची जोडी ठेवली आहे, तिचे दोन्ही भाग सारख्या मापाचे नाहीत. त्यांच्यापुढून माझे पाऊल लवकर हलले नाही.

फिलिपची राजधानी पेल्ला आज समुद्रापासून बरीच आत, शेतांच्या मध्ये आहे, पण प्राचीन काळी तिथपर्यंत जलमार्ग होता. नदीच्या गाळाने किनारा दूर ढकलला. तिथल्या घरांच्या जमिनीवर नदीतले गोटे बसवून केलेली शिकारीची चित्रे आहेत, काळवंडलेल्या पार्श्वभूमीवर उजळ आकृत्या. कातडी पांघरणाऱ्या लोकांच्या मुलानातवंडांनी अशी घरे बांधली, हे पाहिल्यावर ओपिसच्या भाषणातली ती वाक्ये अतिशयोक्तीची वाटत नाहीत.

कायरोनियाचा सिंह मात्र रस्त्याकडेला आहे. थीब्जच्या ३०० जणांच्या पवित्र तुकडीच्या स्मरणार्थ तो उभारल्याचे मानतात. त्याच्या आवारात उत्खनन झाले तेव्हा रांगांनी पुरलेले २५४ सांगाडे निघाले.

अक्षरवेल :

चर्चा अतिशय अभ्यासपूर्ण चालली आहे, तरीही शीर्षकातील 'दिग्विजय' हा शब्द मला बोचतो. कायरोनियाच्या लढाईनंतर तीनच वर्षांनी, ३३५ मध्ये, थीब्ज उठले तेव्हा अलेक्झांडरने ते शहर जमीनदोस्त केले. सहा हजार माणसे मेली, तीस हजार गुलाम म्हणून विकली गेली. कवी पिंडारचे घर राखले, हे कौतुकाने सांगितले जाते. शेजारच्या घरांतील मुलाबाळांचे काय झाले हे कौतुक करणारे सांगत नाहीत. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे टायर शहर तेव्हा बेटावर होते. सात महिने वेढा चालला, जुन्या शहराचे दगड आणि लेबनॉनचे लाकूड समुद्रात टाकून बेटापर्यंत बांध घातला गेला, आणि शहर पडल्यावर दोन हजार पुरुषांना किनाऱ्यावर क्रूसांवर ठोकले. त्या बांधाभोवती वाळू साठत गेली आणि टायर आजही बेट नाही, मुख्य भूमीला जोडलेले आहे. अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून हा बांध दाखवला जातो तेव्हा मला ते दोन हजार आठवतात.

आणि आपल्या बाजूला, स्वात खोऱ्याच्या परिसरात, मसागा. तिथल्या भाडोत्री भारतीय सैनिकांशी तह झाला, ते गडाबाहेर आले आणि मग त्यांना वेढून कापून काढले. चरित्रकार प्लुटार्क हा अलेक्झांडरचा चाहता असूनही या कृत्याला त्याच्या लष्करी कीर्तीवरचा डाग म्हणतो. ज्या माणसांना माळरान यांनी इतक्या आत्मीयतेने समोर आणले, त्याच माणसांच्या हातून हे झाले.

माळरान :

अक्षरवेल, आपला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. मेंढपाळाच्या हाती भाला देणे ही त्याच्या उद्धाराची गोष्ट म्हणून मी लिहिली, आणि तो भाला कोणाच्या छातीत गेला हे लिहिले नाही. ही माझ्या मांडणीतील उणीव आहे. ऑलिन्थस जमीनदोस्त केले एवढे दोन शब्दांत सांगून मी पुढे गेलो, पण तिथल्या रहिवाशांनाही फिलिपने गुलाम म्हणून विकले होते. मुलाने थीब्जमध्ये जे केले ते वडिलांकडून शिकलेले होते. मध्य आशियातील सोग्डियाना आणि बॅक्ट्रिया येथील ३२९ ते ३२७ ही वर्षे तर सगळ्या मोहिमेतील सर्वांत कडवी होती. तिथे समोर रांगा लावून उभे राहणारे सैन्य नव्हते, स्पिटामेनीस या स्थानिक बंडखोर सरदाराचे स्वार येत आणि वाळवंटात नाहीसे होत. त्याचा सूड गावांवर आणि वस्त्यांवर उगवला गेला. त्याच काळात राजाचा आपल्या माणसांवरचा विश्वासही संपत गेला. ३३० मध्ये घोडदळाचा प्रमुख फिलोटस याला मारले आणि पाठोपाठ एकबटाना येथे त्याच्या वृद्ध वडिलांना, पार्मेनियॉनला, मारवले. ३२८ मध्ये मारकंडा येथे, म्हणजे आजच्या समरकंदला, मेजवानीत क्लायटस या जुन्या सरदाराने फिलिपची बाजू घेऊन राजाला सुनावले आणि राजाने त्याला भाल्याने भोसकले. ग्रॅनिकसच्या लढाईत अलेक्झांडरच्या डोक्यावर उगारलेला हात छाटून त्याचा जीव वाचवणारा तोच क्लायटस.

कृष्णातीर :

झेलमच्या लढाईविषयी विचारायचे आहे. पोरसने अलेक्झांडरला हरवले आणि ग्रीकांनी ते लपवले, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. पराभूत राजाला कोणी त्याचे राज्य परत देऊन वर आणखी मुलूख देतो का, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद असतो. भारतीय साधनांत या स्वारीचा उल्लेखच नाही, मग ग्रीकांवर किती विसंबावे?

शिलाटंक :

कृष्णातीर, प्रश्न रास्त आहे, पण हा युक्तिवाद टिकत नाही. राज्य परत देणे ही अलेक्झांडरची आणि फिलिपचीही नेहमीची रीत होती. तक्षशिलेचा आंभी शरण आला, त्याचे राज्य त्याच्याकडेच राहिले. कितीतरी इराणी अधिकारी जिंकल्यानंतरही पदांवर राहिले. शिवाय ३२६ मध्ये झेलम ओलांडल्यावर हे सैन्य चिनाब आणि रावी ओलांडून बियासपर्यंत गेले. हरलेले सैन्य शत्रूच्या मुलखात आणखी पूर्वेकडे जात नाही. हत्तीवर चाल करून जाणारा घोडेस्वार दाखवणारी त्या काळातील चांदीची नाणीही उपलब्ध आहेत.

पोरसचा पराक्रम मात्र यामुळे तसूभरही कमी होत नाही. अलेक्झांडरने रात्रीच्या वादळात नदी चोरून ओलांडली, कारण २०० हत्ती समोर असताना घोडे त्या तीरावर चढणारच नव्हते. लढाई सुरू झाल्यावर हत्तींनी त्या अभेद्य मानल्या गेलेल्या भाल्यांच्या रांगा तुडवल्या. पोरस जखमी होऊनही अखेरपर्यंत हत्तीवर होता. दरायस दोनदा रणांगण सोडून पळाला होता, ही तुलना ग्रीक लेखकांनी स्वतःच केली आहे.

बियासच्या काठी काय झाले ते या लढाईशिवाय समजत नाही. सत्तर दिवस पाऊस कोसळत होता, कपडे कुजले होते, शस्त्रे झिजली होती. पलीकडे गंगेच्या खोऱ्यातील राजा दोन लाख पायदळ, वीस हजार स्वार, दोन हजार रथ आणि किमान तीन हजार हत्ती घेऊन उभा असल्याची वार्ता आली. हे आकडे खरे असतील किंवा नसतील, पण २०० हत्तींनी काय केले ते या माणसांनी पाहिले होते. सेनापती कोइनस उठून बोलला आणि सैनिकांनी रडत त्याला साथ दिली. अलेक्झांडर तीन दिवस तंबूत बसून राहिला आणि शेवटी परतला. आयुष्यभरात त्याला नमवणारे कोणी असेल तर ते त्याचे स्वतःचे सैनिक.

पोरसचा शेवट दुःखद आहे. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर युडेमस नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने पोरसला दगा देऊन मारले आणि १२० हत्ती घेऊन तो पश्चिमेकडे, सेनापतींच्या आपसातील युद्धात गेला.

घाटपायथा :

माळरान, ढालाइतांकडे पुन्हा येणार म्हणून आपण लिहिले होते. ओपिसहून घरी निघालेल्या माणसांचे पुढे काय झाले, तेही सांगावे.

माळरान :

ओपिसला शेवटी समेट झाला, मेजवानी झाली, आणि दहा हजार जुने सैनिक सेनापती क्रॅटेरसबरोबर घराकडे निघाले. प्रत्येकाला पगाराशिवाय एक टॅलेंट मिळाला. आशियात केलेल्या बायकांपासून झालेली मुले मात्र तिथेच ठेवायला सांगितले गेले. त्यांना मॅसिडोनियन पद्धतीने वाढवण्याचे वचन राजाने दिले. जून ३२३ मध्ये बॅबिलोनला राजा वारला. ही बातमी येताच ग्रीक शहरे उठली आणि अँटिपेटर त्यांच्यावर निघाला, तेव्हा त्याच्याजवळ १३,००० मॅसिडोनियन पायदळ आणि ६०० स्वार होते. इतिहासकार डायडोरस सांगतो की आशियात इतकी माणसे पाठवल्यामुळे मॅसिडोनियात सैनिकच उरले नव्हते. ६०० स्वार! बार्डिलिसवर निघालेल्या फिलिपजवळ होते तेवढेच. अँटिपेटर लॅमिया येथे कोंडला गेला, आणि विश्रांतीसाठी परतणारे क्रॅटेरसचे जुने सैनिक ३२२ मध्ये क्रॅनॉनच्या रणांगणावर पुन्हा उभे राहिले.

तीन हजार ढालाईत आशियातच राहिले. ढालींवर चांदी मढवलेली असल्याने त्यांना 'रजतढाली' म्हणत. अलेक्झांडरच्या सेनापतींच्या झगड्यात ते युमेनीसच्या बाजूला होते. इराणातील गाबिएने येथे अँटिगोनस या प्रतिस्पर्धी सेनापतीशी अखेरची लढाई झाली तेव्हा त्यांच्यातील सर्वांत तरुण माणूस साठीचा होता, बहुतेक सत्तरीचे आणि काही त्याहूनही वृद्ध होते, असे डायडोरस लिहितो. हिशेब केला तर यांतील अनेकांनी कायरोनियाची लढाई लढलेली असणार. लढाईपूर्वी त्यांचा एक स्वार अँटिगोनसच्या रांगांजवळ गेला आणि समोरच्या तरुण मॅसिडोनियनांना ओरडून म्हणाला की फिलिप आणि अलेक्झांडर यांच्याबरोबर ज्यांनी जग जिंकले त्या आपल्या बापांवर तुम्ही शस्त्र उगारत आहात. त्या म्हाताऱ्यांनी समोरचे पायदळ फोडले. पण धुळीच्या लोटाआडून अँटिगोनसच्या घोडदळाने त्यांचा मागचा तळ लुटला. त्या तळावर त्यांच्या बायका, मुले आणि आयुष्यभराची कमाई होती. ते परत मिळवण्यासाठी त्यांनी आपला सेनापती युमेनीस शत्रूच्या स्वाधीन केला.

अँटिगोनसने युमेनीसला मारले, रजतढालींचा नायक अँटिजेनीस याला जिवंत जाळले, आणि त्या तुकडीतील सर्वांत धुमसणाऱ्या माणसांना अरॅकोशियाच्या सुभेदाराकडे पाठवले. यांना थोड्या थोड्या संख्येने अशा कामांवर धाडावे की ती परत येणार नाहीत, असा गुप्त आदेश त्याने सोबत दिला होता. अरॅकोशिया म्हणजे आजच्या कंदाहारचा परिसर.

शिलाटंक :

माळरान, या शेवटच्या ओळीला जोडून एक नोंद देतो. अलेक्झांडरच्या सेनापतींपैकीच एक असलेल्या सेल्युकसने पुढे ५०० हत्ती घेऊन सिंधूकडचे सुभे चंद्रगुप्त मौर्याला दिले, त्यांत अरॅकोशियाही होता. चंद्रगुप्ताचा नातू अशोक. ज्या मालिकेतील शिलालेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्याला सापडले, त्याच मालिकेतील तेराव्या लेखात अशोक पश्चिमेकडील पाच राजांची नावे घेतो. शाहबाजगढीच्या प्रतीत ती अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर अशी येतात. यातील अंतिकिनि म्हणजे मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनाटस, रजतढालींना कंदाहारकडे पाठवणाऱ्या अँटिगोनसचाच नातू. आणि कंदाहारजवळच १९५८ मध्ये अशोकाचा एक लेख सापडला, ग्रीक आणि अरामाइक अशा दोन भाषांत कोरलेला. त्याची ग्रीक शुद्ध आणि सफाईदार आहे, म्हणजे ती वाचणारी माणसे तिथे त्या वेळीही राहत होती. प्राण्यांची हत्या राजाने सोडली आहे, आणि त्याचे शिकारी व कोळी शिकार सोडून देत आहेत, असे त्यात सांगितले आहे.